पट्टी टॅलीत कशी चढते

हिंगोलीच्या मोंढ्यात आडत दुकानावर नवा मुलगा किंवा मुलगी कामाला येते तेव्हा मालकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "टॅली येतं का?" उत्तरही ठरलेलं, "हो." क्लास झालेला असतो, सर्टिफिकेट फाइलमध्ये असतं, बटणं पाठ असतात. मग हळदीचा हंगाम सुरू होतो, दिवसभर पट्ट्यांचा, म्हणजे शेतकऱ्यांच्या मालाच्या हिशोबचिठ्ठ्यांचा, ढीग पडतो आणि पहिल्याच शेतकऱ्याच्या उचलीवर गाडी अडते. ही उचल कोणत्या खात्यात टाकायची? हमाली कापली ती कुणाची? क्लासमधलं उदाहरण बहुधा शहरातल्या फर्निचरच्या दुकानाचं असतं. तिथे खुर्ची विकत घेतात, खुर्ची विकतात, विषय संपला. हळदीच्या कट्ट्याचं तसं नसतं.

म्हणून इथे हळदीचा एकच लॉट धरू आणि तो काट्यावरून उतरल्यापासून परराज्यातल्या खरेदीदाराच्या हिशोबात पोचेपर्यंत त्याच्या मागे चालू. धंद्यातलं सॉफ्टवेअर शिकायची याहून सरळ वाट मला माहीत नाही.

हळद का, हे इथल्या माणसाला सांगायला नको. १ मे १९९९ ला परभणीपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ असे पाच तालुके. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हरिद्रा संशोधन व प्रशिक्षण केंद्रही वसमतलाच आहे. इथला माल सांगलीला जातो तसा तेलंगणातल्या निजामाबादलाही जातो. माल राज्याची हद्द ओलांडतो तेव्हा त्याच्यासोबत कागद लागतात, आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून ते कागद कॉम्प्युटरवरच तयार होतात. त्यामुळे चोपडी कितीही सुवाच्य असली तरी एकट्या चोपडीवर आता भागत नाही.

टॅलीचा जन्मही व्यापाऱ्याच्या गरजेतूनच झाला. बेंगळुरूचे श्यामसुंदर गोयंका कारखान्यांना कच्चा माल आणि सुटे भाग पुरवायचे. आपला हिशोब सांभाळेल असं सॉफ्टवेअर त्यांना हवं होतं, मनासारखं सापडेना, म्हणून मुलगा भरत याने ते लिहिलं. ही गोष्ट १९८६ ची. म्हणूनच आत शिरल्यावर जुन्या मुनिमाला परकं वाटावं असं तिथे फारसं काही नाही. रोजकीर्द आहे, तिला 'डे बुक' म्हटलंय. खतावणी आहे, तेरीज आहे, ताळेबंद आहे. फरक मोठा आहे तो एकाच ठिकाणी. मुनीम दिवसभर रोजकीर्द लिहायचा आणि रात्री बसून त्यातली एकेक रक्कम खतावणीत त्या-त्या खात्यावर उतरवायचा. टॅलीत रोजकीर्दीची एंट्री स्वीकारली की खतावणी, तेरीज आणि ताळेबंद त्याच क्षणी बदलतात. उतरवण्याचं काम मशीनने घेतलं. पहिली नोंद बरोबर करायची जबाबदारी माणसाकडेच राहिली. आणि ती चुकली तर चूकही तितक्याच वेगाने चारही ठिकाणी पोचते.

आता लॉट घेऊ. आकडे समजण्यासाठी धरलेले आहेत, कुणाच्या पट्टीवरचे नाहीत.

शेतकऱ्याने ४२ कट्टे कांडी हळद आणली. लिलावात भाव निघाला १३,२०० रुपये क्विंटल. मापाड्याने काटा केला, बारदाना वजा करून निव्वळ वजन भरलं २१.३६ क्विंटल. मालाची किंमत २,८१,९५२ रुपये. हमाली आणि तोलाई मिळून धरा १,१५२ रुपये कापले. पट्टी झाली २,८०,८०० ची. या शेतकऱ्याने मागच्या जूनमध्ये लागवडीसाठी दुकानातून ४०,००० रुपये उचल घेतली होती. ती वजा जाता त्याच्या हातात पडायचे २,४०,८००.

कागदावर हे पाच ओळींत मावतं. कॉम्प्युटरवर मात्र एंट्री करायच्या आधी चार गोष्टी तयार असाव्या लागतात, आणि बहुतेक घोटाळे त्या तयारीत होतात, एंट्रीत नाही.

पहिली गोष्ट, माप. टॅलीत 'क्विंटल' हे एकक बनवताना दशांश किती स्थळं हे विचारलं जातं. नवखा माणूस तिथे शून्य राहू देतो आणि पुढे जातो. मग २१.३६ चे २१ होतात आणि ३६ किलो हळद हवेत विरते. या भावाने ते ४,७५२ रुपये झाले, एकाच पट्टीवर. तिथे २ लिहायचे, एवढंच. दुसरा मोह असतो कट्ट्याचं वजन ठरवून टाकायचा: एक कट्टा म्हणजे ५० किलो. सिमेंटच्या दुकानात हे चालतं. हळदीचा प्रत्येक कट्टा काट्यावर वेगळा भरतो, त्यामुळे हिशोब क्विंटलवर ठेवायचा आणि कट्ट्यांची संख्या पट्टीवर शेरा म्हणून लिहायची.

दुसरी गोष्ट, मालाची नावं. कांडी आणि गट्टू यांचे भाव वेगळे, तेव्हा टॅलीत ते दोन वेगळे माल. 'हळद' एवढं एकच नाव ठेवलं तर वर्षअखेरीला गोदामात नेमकं काय पडलंय हे कॉम्प्युटर सांगू शकणार नाही, आणि दोष कॉम्प्युटरचा नसेल.

तिसरी गोष्ट, शेतकऱ्याचं खातं. इथे जरा थांबायला हवं. टॅलीत प्रत्येक खातं कोणत्या तरी गटात बसवावं लागतं. ज्यांच्याकडून आपलं येणं आहे ते 'सन्ड्री डेटर्स', ज्यांचं आपण देणं लागतो ते 'सन्ड्री क्रेडिटर्स'. मग उचल घेतलेला शेतकरी कुठे बसवायचा? जूनमध्ये त्याच्याकडे आपले ४०,००० आहेत, म्हणजे येणं. माल आला की आपणच त्याचे दोन लाख ऐंशी हजार देणं लागतो. नवी मुलं घाबरून एकाच माणसाची दोन खाती उघडतात, एक उचलीचं, एक मालाचं. मग पैसे देताना मालाच्या खात्यावर पूर्ण रक्कम दिसते, उचल दुसरीकडे दडून बसते आणि ४०,००० जास्तीचे जातात. एका दुकानात अशीच एक मुलगी मुनीमकाकांना विचारत होती, "काका, ह्याला येण्यात टाकू का देण्यात?" काका चोपडीवरून मान वर न करता म्हणाले, "पेरणीला येणं, काढणीला देणं. माणूस एक, खातं एक." टॅलीला याची अडचण नाही. क्रेडिटर्समधलं खातं काही महिने नावे बाजूला शिल्लक दाखवेल, मग जमा बाजूला जाईल.

खातं एकच, पण ते कुणाचं हेही पक्कं हवं. एकाच गावात एकाच नावा-आडनावाची दोन माणसं असणं आपल्याकडे नवल नाही. नावापुढे गाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे लावायची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. आणि नाव कसं लिहायचं, आधी आडनाव की आधी नाव, हे दुकानात एकदाच ठरवून भिंतीवर चिकटवावं. नाहीतर तीन हातांनी तीन तऱ्हांनी लिहिलेलं एकच गिऱ्हाईक तीन खात्यांत विभागलं जातं आणि उधारी कुणालाच पूर्ण दिसत नाही.

चौथी गोष्ट, हमाली-तोलाईचं खातं. शेतकऱ्याच्या पट्टीतून १,१५२ कापले, पैसे दुकानात राहिले, म्हणून ते 'उत्पन्न' अशी समजूत होते. तो पैसा दुकानाचा नाहीच. तो हमाल-मापाड्यांचा आहे, आपण फक्त गोळा करून ठेवला. खातं 'करंट लायबिलिटीज' या गटात हवं. आठवड्याला त्यांना पैसे चुकते केले की हे खातं शून्यावर आलं पाहिजे. हेच खातं उत्पन्नाच्या गटात बसलं तर हंगामभर नफा फुगलेला दिसतो आणि त्या फुगवट्यावर प्राप्तिकर भरायची वेळ येते. खरेदीदाराच्या बिलात लावलेल्या बाजार फीचंही तसंच. ती बाजार समितीची, आपण पोचवणारे.

एवढं झालं की एंट्री दोन मिनिटांची. एफ-९ दाबून खरेदीचं व्हाउचर उघडायचं, शेतकऱ्याचं खातं, माल, वजन, भाव. रक्कम आपोआप २,८१,९५२ येते. ती हाताने टाकायची नाही, ती पट्टीवरच्या आकड्याशी ताडून पाहायची. खाली हमाली-तोलाईचं खातं घेऊन रक्कम उणे चिन्ह लावून टाकायची. बेरीज २,८०,८०० आली, पट्टीशी जुळली, कंट्रोल-ए. मग एफ-५, पैसे देण्याचं व्हाउचर, बँकेतून २,४०,८००. रक्कम दोन लाखांच्या वर आहे, तेव्हा ती आरटीजीएसने. आता शेतकऱ्याचं खातं उघडून पाहा: उचल ४०,००० नावे, पट्टी २,८०,८०० जमा, बँक २,४०,८०० नावे, शिल्लक शून्य. हे शून्य दिसलं की पट्टी बरोबर चढली.

शेतकऱ्याने स्वतःच्या शेतातला माल विकला तर त्याला जीएसटीची नोंदणी लागत नाही, म्हणून या खरेदीवर कर नाही. कापसाची गोष्ट निराळी आहे. शेतकऱ्याकडून कच्चा कापूस घेणाऱ्या नोंदणीकृत व्यापाऱ्याला नोव्हेंबर २०१७ पासून त्याचा कर स्वतःच भरावा लागतो. एकाच दुकानात हळद आणि कापूस दोन्ही असतील तर दोन्हींची कराची मांडणी वेगळी करावी लागते. हळदीचं बघून कापसाचं बनवायचं नाही.

आता विक्री. दुकानाच्या नावाने खरेदीदाराला बिल फाडलं की वाळलेल्या हळदीवर ५ टक्के जीएसटी लागतो. नुसत्या मालाच्या किमतीवर तो १४,०९७ रुपये ६० पैसे. त्याच बिलात आडत लावली तर कर तिच्यासकट. हे पाच टक्के कसे विभागायचे हे खरेदीदाराच्या राज्यावर ठरतं. तो सांगलीचा असेल तर अडीच केंद्राचा आणि अडीच राज्याचा. निजामाबादचा असेल तर पाचही टक्के आयजीएसटी. टॅली हे स्वतः ठरवतं, पण कशावरून? खरेदीदाराच्या खात्यात आपण लिहिलेल्या राज्यावरून. खातं घाईत बनवलं, राज्याच्या जागी सवयीने महाराष्ट्रच राहिलं, की कराची विभागणी चुकते आणि बिल दिसायला मात्र चोख दिसतं.

यावर एक सोपा पडताळा आहे. जीएसटी क्रमांक १५ अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे: आपले २७, तेलंगणाचे ३६, तामिळनाडूचे ३३. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा फर्मचा पॅन. तेरावं अक्षर त्याच पॅनवर त्या राज्यातली कितवी नोंदणी हे सांगतं, चौदावं सर्वसाधारणपणे इंग्रजी झेड असतं आणि पंधरावं आधीच्या चौदांवरून गणिताने काढलेलं असतं. या शेवटच्या अक्षरामुळे एखादा आकडा चुकीचा पडला तर कॉम्प्युटर बहुतेक वेळा लगेच अडवतो. तुम्ही चुकीचा खरेदीदारच निवडलात तर मात्र त्याला काही कळत नाही. त्याच्या दृष्टीने क्रमांक खराच असतो. म्हणून बिल छापण्याआधी पहिले दोन आकडे आणि नाव तोंडाने वाचून घ्यावं. वेडगळ वाटतं, पण उपयोगाचं आहे.

माल ट्रकवर चढताना ई-वे बिल लागतं. राज्याबाहेर जाणाऱ्या मालाला ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. त्याचे दोन भाग. 'अ' भागात बिलाची माहिती, ती टॅलीतून सरळ पोर्टलवर पाठवता येते. 'ब' भागात गाडीचा नंबर. आपल्या जिल्ह्याची एमएच-३८ ची गाडी ऐन वेळी बदलली आणि दुसऱ्या जिल्ह्याची आली तर 'ब' भाग बदलता येतो. 'अ' भाग बदलता येत नाही. चूक सापडली तर २४ तासांत ते बिल रद्द करून नवं काढावं लागतं. मुदत दर २०० किलोमीटरला एक दिवस. हे सगळं ड्रायव्हर चहा पिऊन परत येईपर्यंत व्हायला हवं असतं, म्हणून खरेदीदाराची, मालाची आणि पिनकोडची माहिती हंगामाआधीच भरून ठेवलेली बरी.

यानंतर आपली नोंद आपल्या दुकानाबाहेर कामाला लागते. माहितीची व्यवस्था म्हणतात ती ही. महिना संपला की पुढच्या महिन्याच्या ११ तारखेपर्यंत विक्रीची बिलं जीएसटीआर-१ मधून जातात. १४ तारखेला निजामाबादच्या खरेदीदाराच्या जीएसटीआर-२बी मध्ये आपलं बिल उमटतं. त्यात दिसणाऱ्या कराचीच वजावट त्याला २० तारखेच्या जीएसटीआर-३बी मध्ये घेता येते. (तिमाही विवरण भरणाऱ्या लहान व्यापाऱ्यांच्या तारखा वेगळ्या.) आपल्या दुकानात एक खरेदीदार चुकीचा निवडला गेला तर निजामाबादला चौदा हजार अडकतात आणि १५ तारखेला सकाळी फोन वाजतो. मोंढ्यातल्या कॉम्प्युटरसमोर बसलेली मुलगी अशा प्रकारे दुसऱ्या राज्यातल्या माणसाच्या खिशाला हात लावत असते. क्लासमध्ये हे कुणी सांगत नाही.

पैसे येतात तेव्हाची एक गोष्ट सगळ्यांत जास्त टाळली जाते. खरेदीदार बिलाइतके पैसे कधीच पाठवत नाही. तो तीन लाख पाठवतो, पाच लाख पाठवतो, गोल आकडा. टॅली विचारतं, हे पैसे कोणत्या बिलापोटी? घाईत 'ऑन अकाउंट' निवडलं की प्रश्न मिटतो. सहा महिन्यांनी मालक विचारतो, "नव्वद दिवसांच्या वरची उधारी किती?" आणि कॉम्प्युटर फेडलेली बिलंही थकीत दाखवतो. मग उधारीची यादी कुणी उघडतच नाही, आणि वसुली पुन्हा मालकाच्या डोक्यातल्या आठवणीवर चालते. प्रत्येक रक्कम बिलाला लावायला अर्धं मिनिट जास्त लागतं. माझ्या मते आडत दुकानात टॅली ठेवण्याचा निम्मा फायदा त्या अर्ध्या मिनिटात आहे.

गोदामाचंही एक सांगायला हवं. ठेवलेली हळद सुकते, वजन उतरतं. कॉम्प्युटरवर शंभर क्विंटल आणि काट्यावर त्याहून कमी, हे होणारच. ही घट दडवण्यासाठी खोटी विक्री दाखवायची नसते. प्रत्यक्ष साठा मोजून त्याचं व्हाउचर करता येतं. मोजणी नियमित झाली तर घट किती आणि चोरी किती हेही पुढेमागे वेगळं कळू लागतं.

जिल्ह्यात शेतकरी उत्पादक कंपन्याही उभ्या राहिल्यात. त्यांच्या हिशोबाला आणखी एक अट आहे. त्या कायद्याने कंपन्या असल्यामुळे १ एप्रिल २०२३ पासून त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहिली पाहिजे: कुणी, कधी, कोणता आकडा बदलला. तिथे मागची एंट्री गुपचूप खोडणं बंद. म्हणून प्रत्येकाचं नाव आणि पासवर्ड वेगळा हवा. सगळे जण मालकाच्याच नावाने आत शिरत असतील तर नोंद राहते, पण सगळं मालकानेच बदललं असं दिसतं.

एक्सेलबद्दल थोडक्यात. रोजच्या भावाचा तक्ता, हमालांची हजेरी, २बी ची यादी आपल्या खरेदीशी जुळवणं, यासाठी ते फार चांगलं. मात्र बँकेचे खाते क्रमांक त्यात भरताना आधी रकाना 'टेक्स्ट' करून घ्यावा. एक्सेल आकड्यातले पहिले पंधराच अंक जपतं, पुढच्यांचे शून्य करतं, आणि सुरुवातीचे शून्य गाळून टाकतं. '३-१२' असा बिल नंबर लिहिला की त्याची तारीख होते. शेतकऱ्याचे पैसे ज्या यादीवरून बँकेत जाणार आहेत त्या यादीत हे परवडत नाही.

शिकायचं कुठे, हा प्रश्न उरतो. महाराष्ट्र ज्ञान महामंडळ, म्हणजे एमकेसीएल, २००१ चं. त्याचं एमएस-सीआयटी गावोगावी पोचलंय आणि कॉम्प्युटरची भीती मोडायला ते पुरेसं आहे. हिशोबासाठी टॅलीचा वेगळा कोर्स करावा लागतो. पण सराव करायला पैसे लागत नाहीत. टॅलीप्राइम कंपनीच्या संकेतस्थळावरून उतरवून 'एज्युकेशनल मोड' मध्ये फुकट वापरता येतं. त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ तारखेच्याच एंट्री करता येतात. तेवढ्या पुष्कळ झाल्या. मालकाकडून किंवा ओळखीच्या मुनिमाकडून गेल्या हंगामातल्या एका दिवसाची चोपडी मागून घ्यावी, खऱ्या नावांच्या जागी अ, ब, क लिहावं आणि १ तारखेला ती पूर्ण चढवावी: पट्ट्या, बिलं, बँक, गल्ला. मग टॅलीतली रोख शिल्लक चोपडीतल्या संध्याकाळच्या शिल्लकेशी ताडून पाहावी. जुळली तर दुसऱ्या दिवसाची चोपडी २ तारखेवर घ्यावी. नाही जुळली तर आधी त्या दिवशी दिलेल्या उचली पाहाव्यात. फरक बहुधा तिथेच निघतो.